एकेकटे गप्प, जोडले की गुणगुण

ॲम्प्लिफायर एकटा चालू केला की शांत असतो. टीव्ही, सीडी प्लेअर, सबवूफर, लॅपटॉप हेही आपापल्या जागी गुणी बाळं. दोघांमध्ये आरसीए केबल, म्हणजे गाणं एका यंत्रातून दुसऱ्यात नेणारी तार, टाकली की मात्र स्पीकरमधून ‘हुंऽऽऽ’ सुरू होतं. मग केबल खराब म्हणून नवी येते, ती गेल्या वेळेपेक्षा महाग असते, आणि गुणगुण जागची हलत नाही. कारण बहुतेक वेळा बिघाड कुठल्याच डब्यात नसतो. दोन डबे जोडल्यावर विजेला एक नवी वाट मिळते, आणि ती नेमकी गाण्याच्या तारेतून जाते.

आधी आवाज नीट ऐका

आपल्याकडची घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. त्यामुळे गुणगुण ५० हर्ट्झची किंवा त्याच्या पटीतली असते: १००, १५०, २०० असं. हार्मोनिअमच्या भाषेत १०० हर्ट्झ म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर, आणि ५० त्याच्याही एक सप्तक खाली. छोट्या बुकशेल्फ स्पीकरला ५० हर्ट्झ धड वाजवताच येत नाही. म्हणून कालपर्यंत ‘शांत’ असलेल्या सिस्टीमला सबवूफर जोडला की अचानक घुमायला लागतं. ते घुमणं आधीही होतं, फक्त ऐकवणारा कोणी नव्हता.

आवाजाच्या पोतावरून अर्धं निदान होतं. गोल, गुळगुळीत हुंकार असेल तर जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा कुठेतरी सुटलेली ग्राउंडची तार. खरखरीत, मधमाश्यांसारखी भुणभुण असेल तर केबलच्या जाळीतून वाहणारा गळतीचा करंट किंवा पंख्याचा रेग्युलेटर. माऊस हलवला की बदलणारी बारीक कुईकुई फक्त कॉम्प्युटरची. फोन यायच्या आधी येणारं ‘टिट्-टिटिट्-टिट्’ हे टूजी मोबाइलचं, जो सेकंदाला साधारण २१७ वेळा थांबून-थांबून प्रक्षेपण करतो. फोन ॲम्पवरून उचलून दोन हात लांब ठेवला की प्रश्न मिटला. आणि नुसता ‘स्सस्’ असा हवेसारखा आवाज असेल तर त्याचा विजेच्या वायरिंगशी संबंध नाही. कुठेतरी गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, जास्त ठेवलाय, तो कमी करा. सोर्सचा, म्हणजे गाणं देणाऱ्या यंत्राचा, आवाज वाढवा आणि ॲम्पचा उतरवा.

जाळीत नेमकं काय होतं

आरसीए केबलमध्ये दोनच वाटा असतात. मधली तार गाणं नेते, आणि बाहेरची जाळी, म्हणजे शिल्ड, ते परत आणते. ही जाळी दोन्ही यंत्रांच्या चेसिसना, म्हणजे धातूच्या सांगाड्यांना, एकमेकांशी जोडते. दोन सांगाड्यांमध्ये थोडासा जरी व्होल्टेजचा फरक असेल तरी करंट जाळीतून वाहणारच. ॲम्पला मात्र मधली तार आणि जाळी यांच्यातला फरक म्हणजे गाणं, एवढंच कळतं. जाळीवर पडलेलं व्होल्टेज तो इमानदारीनं गाण्यात मिळवतो आणि वाढवून स्पीकरला देतो.

आकडे घालून बघू. स्वस्तातल्या लांब केबलची जाळी म्हणजे पुष्कळदा पातळ फॉइल आणि त्याबरोबर केसासारखी एक तार. तिचा रोध १ ओहमपर्यंत जाऊ शकतो. तिच्यातून ०.३ मिलीअँपिअर करंट गेला तर जाळीवर ०.३ मिलिव्होल्ट पडतात. घरगुती उपकरणांचा लाइन सिग्नल, म्हणजे केबलमधून जाणारं गाणं, साधारण ०.३ व्होल्टचा. म्हणजे गाण्याच्या एक हजारांश गुणगुण, ६० डेसिबल खाली. रात्री अकरानंतर तानपुरा ऐकायला बसलात तर ती नक्की ऐकू येते. हीच केबल जाड तांब्याच्या विणलेल्या जाळीची असेल आणि तिचा रोध ०.०५ ओहम असेल, तर तोच करंट २६ डेसिबलनं कमी त्रास देईल. केबल बदलल्यानं फरक पडतो तो या एका कारणानं. सोन्याचा मुलामा, बाणाची खूण आणि लाकडी डबी यांचा इथे काही उपयोग नाही.

हा करंट दोन ठिकाणांहून येतो. पहिला प्रकार तीन पिनच्या दोन यंत्रांचा. ॲम्पचा प्लग एका भिंतीवर, सबवूफरचा समोरच्या भिंतीवर, दोघांनाही अर्थ, म्हणजे जमिनीशी जोडणारी अर्थिंगची वायर. आता अर्थच्या वायरमधून भिंतीतून एक रस्ता आणि आरसीएच्या जाळीतून दुसरा, असं मोठं वर्तुळ तयार झालं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आजूबाजूच्या वायरिंगचं चुंबकीय क्षेत्र या वर्तुळात व्होल्टेज निर्माण करतं, शिवाय दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये मुळातच थोडा फरक असतो. दुसरा प्रकार दोन पिनच्या यंत्रांचा. त्यांच्या पॉवर सप्लायमध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, ज्यातून मिलीअँपिअरच्या अंशाएवढा करंट सतत सांगाड्याकडे झिरपतो. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूवरून हात फिरवताना झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर मंद पेटतो, ते यामुळेच. लॅपटॉपमधली केबल ॲम्पला लावली की त्या करंटला घरी जायचा रस्ता मिळतो.

एक किलोओहमची परीक्षा

काही विकत घ्यायच्या आधी अर्धा तास काढून मूळ शोधा. एक नियम पाळा: केबल काढताना किंवा घालताना ॲम्प बंद. आरसीएची मधली पिन जाळीच्या आधी टेकते. तेवढ्या क्षणात पूर्ण गुणगुण मोठ्या आवाजात स्पीकरवर आदळते आणि ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर, जायला ते पुरतं.

सुरुवात आवाजाच्या बटणापासून. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी गुणगुण तेवढीच असेल तर दोष बटणाच्या पुढचा: पॉवर ॲम्प, त्याचा सप्लाय किंवा वेगळा जोडलेला सबवूफर. बटणाबरोबर कमी-जास्त होत असेल तर दोष मागचा, म्हणजे इनपुटच्या बाजूचा. मग सिलेक्टर एकेका इनपुटवर फिरवा. एकाच इनपुटला येत असेल तर गुन्हेगार सापडला. सगळ्याच इनपुटांवर येत असेल तर सगळ्या केबल उपटा आणि एकेक परत लावत जा. टीव्हीची केबल, एचडीएमआय, लॅनची वायर यांनाही वगळू नका. जाळी असलेली कुठलीही तार वाट होऊ शकते.

संशयित केबल सापडली की एक छोटा डमी बनवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे केबलला लावायचं फीमेल आरसीए सॉकेट आणि १ किलोओहमचा रेझिस्टर मिळतो. रेझिस्टरचं एक टोक मधल्या टॅगला आणि दुसरं बाहेरच्या कड्याला सोल्डर करा. म्हणजे झाला एक नकली सोर्स, ज्याला वीजही नाही आणि अर्थही नाही.

आता केबल ॲम्पलाच ठेवा, दुसरं टोक सोर्समधून काढून या डमीत घाला आणि लोंबकळू द्या. ॲम्प चालू करा. गुणगुण असेल तर ती केबल जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा पॉवर कॉर्डचं क्षेत्र पकडते आहे, किंवा तिची जाळीच आत तुटली आहे. शांत असेल तर एका क्लिपच्या वायरनं डमीचं बाहेरचं कडं सोर्सच्या सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला जोडा. मधल्या भोकाला हात लावू नका. आत्ता गुणगुण आली तर करंट जाळीतून वाहतोय, म्हणजे लूप किंवा गळती. गाण्याची तार जोडलेलीच नाही, तरी आवाज येतोय, यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही. आणि इथेही शांत असेल, फक्त केबल नेहमीसारखी सोर्समध्ये घातल्यावरच येत असेल, तर सोर्स स्वतःच गुणगुणतो आहे. त्याला दुरुस्तीला पाठवा.

आपल्या घरांतले नेहमीचे संशयित

केबल टीव्ही पहिला. केबलवाल्याची कोॲक्स तार दहा इमारतींच्या गच्च्यांवरून आलेली असते, वाटेतले बूस्टर वेगवेगळ्या मीटरवरून चालतात. तिच्या जाळीचं व्होल्टेज तुमच्या घरातल्या अर्थपेक्षा वेगळंच असतं. तपासणी सोपी: सेटटॉप बॉक्समागची कोॲक्स पिळून काढा. त्या क्षणी भुणभुण थांबली तर दोष तिकडचा. कोॲक्सवर लावायचा आयसोलेटर मिळतो, तो केबल टीव्हीला चालतो. डीटीएच असेल तर हा उपाय करू नका. छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या छोट्या डब्याला, त्याच कोॲक्समधून १३ किंवा १८ व्होल्ट जातात. आयसोलेटर डीसी अडवतो आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ येतं. डीटीएचला उत्तम मार्ग म्हणजे टीव्हीकडून ॲम्पकडे ऑप्टिकल केबल. त्यातून फक्त प्रकाश जातो, तांबं नाही, त्यामुळे करंटला वाटच नाही. ॲम्पला ऑप्टिकल इनपुट नसेल तर ऑप्टिकलवरून आरसीए देणारा छोटा डीएसी, म्हणजे डिजिटलचं ॲनालॉग करणारा डबा, घ्या. ग्राउंड लूपवर इतका स्वच्छ इलाज दुसरा नाही.

लॅपटॉपचं निदान दहा सेकंदांत होतं: चार्जर काढा. बॅटरीवर शांत असेल तर चार्जर दोषी. चार्जरचा प्लग तीन पिनचा असून तो दोन पिनच्या कन्व्हर्टरमधून लावला असेल तर आधी तो कन्व्हर्टर फेका आणि तीन पिनच्या सॉकेटात लावा. गळतीला अर्थची वाट मिळाली की ती बरेचदा केबलकडे येत नाही. कधीकधी उलटं होतं, खऱ्या अर्थनं नवा लूप बनतो. मग ब्लूटूथ, ऑप्टिकल किंवा यूएसबी आयसोलेटर.

तिसरा संशयित छतावर फिरतो. पंख्याचे गोल, पायऱ्या नसलेले इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ट्रायॅक नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालतात. विजेची प्रत्येक अर्धी लाट ते मध्येच कापतात, सेकंदाला १०० वेळा, आणि त्या कापलेल्या कडांचा कचरा सगळ्या वायरिंगभर पसरतो. पंखा पूर्ण वेगावर नेला किंवा बंद केला की भुणभुण गायब, दोनवर आणला की परत हजर, असं होत असेल तर ॲम्पला दोष देऊ नका. टक्-टक् पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा. दिव्यांच्या डिमरचं हेच. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर गेल्यावरच आवाज येत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे. साइन वेव्हचा इन्व्हर्टर हाच त्यावर उपाय.

अर्थ पिन कापू नका

यूट्यूबवर आणि दुकानातही हा सल्ला सर्रास मिळतो: ॲम्पच्या प्लगची जाड पिन काढून टाका, गुणगुण जाते. जाते, हे खरं आहे. वर्तुळ तुटतं ना. पण उद्या ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं आणि फेज सांगाड्याला टेकला, तर तो करंट जमिनीत जाऊन फ्यूज उडवू शकत नाही. सांगाडा २३० व्होल्टवर उभा राहतो. आणि आरसीएच्या जाळ्यांमधून टीव्ही, प्लेअर, हेडफोन, सगळ्यांचं धातू त्याच्याबरोबर. पिन कापण्यापेक्षा गुणगुण ऐकत बसलेलं बरं.

उलट, घरातला अर्थ खरंच आहे का ते तपासा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये मोजा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ ११० किंवा असंच काहीतरी तरंगतं दाखवत असेल तर अर्थची वायर कुठे जोडलेलीच नाही. जुन्या इमारतींत हे फार आढळतं. तीन भोकांचं सॉकेट बसवलेलं असतं आणि वरच्या भोकामागे काही नसतं.

न्यूट्रल-अर्थ अगदी ०.० दाखवत असेल तर खूश होऊ नका. त्याच बोर्डावर १००० वॅटची इस्त्री लावून पुन्हा मोजा. चार-साडेचार अँपिअर करंट न्यूट्रलमधून गेला की तिथे थोडं तरी व्होल्टेज चढायला हवं. आकडा शून्यावरच चिकटून राहिला तर वायरमननं बोर्डाच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकाच तुकड्यानं जोडून ठेवल्याचा दाट संशय घ्या. ही युक्ती घातक आहे. कुठे न्यूट्रल तुटला की अर्थच्या पिनवर फेज येतो. शिवाय न्यूट्रलचा सगळा कचरा तुमच्या ॲम्पच्या सांगाड्यावर बसतो, तो वेगळाच. हे काम लायसनधारक इलेक्ट्रिशियनकडून सरळ करून घ्या आणि घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर त्याच फेरीत बसवा.

उपाय, साध्यापासून

सगळ्यात आधी फुकटचा उपाय: ॲम्प, सबवूफर, टीव्ही, प्लेअर सगळे एकाच सॉकेटवरच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. अर्थचा रस्ता भिंतीभर फिरण्याऐवजी वीतभर होतो आणि फरक मिलिव्होल्टवर येतो. ६ अँपिअरचा बोर्ड १३८० वॅट झेपवतो, घरची सिस्टीम सहसा त्याच्या कितीतरी खाली असते. अर्ध्याअधिक तक्रारी इथेच संपतात, म्हणून हे करून बघितल्याशिवाय पुढचं वाचायचीही घाई नको. त्याच वेळी पॉवर कॉर्ड आणि आरसीए केबल वेगळ्या बाजूंनी न्या. एकमेकांवरून जावंच लागलं तर काटकोनात. उरलेली केबल गुंडाळून ट्रान्सफॉर्मरवर ठेवू नका.

त्यानं भागलं नाही तर दोन सांगाडे १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरनं थेट जोडून बघा, मागच्या एखाद्या धातूच्या स्क्रूखाली. करंटला जाळीपेक्षा जाड वाट मिळाली की जाळीवर पडणारं व्होल्टेज उतरतं. दिसायला गावठी वाटतं, पण कामाचं आहे.

पुढची पायरी ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, ज्याला बाजारात ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ म्हणतात. आतल्या दोन गुंडाळ्यांमध्ये तांब्याचा संबंध नसतो, गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातं. तो सोर्सजवळ नाही, ॲम्पच्या इनपुटजवळ बसवा, आणि पुढची केबल एक मीटरपेक्षा लहान ठेवा. गाडीसाठी विकले जाणारे शे-दोनशे रुपयांचे डबे गुणगुण घालवतात हे खरं, पण आतला गाभा बोटाच्या पेराएवढा असतो. मोठ्या आवाजात खालचे स्वर आले की तो भरून जातो आणि बासची धार जाते. डग्ग्याची घुमकी पोकळ वाटायला लागली तर समजा. सबवूफरच्या लाइनवर तर असला डबा नकोच. आणि तो फक्त लाइन सिग्नलसाठी आहे. स्पीकरच्या वायरीत किंवा टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवणारं यंत्र) आणि त्याचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या फोनो प्रीॲम्पच्या मध्ये तो लावायचा नाही.

ॲम्प किंवा पॉवर्ड स्पीकरला एक्सएलआर (तीन पिनचं) किंवा जाड टीआरएस बॅलन्स्ड इनपुट, म्हणजे दोन तारांमधला फरक मोजणारं, असेल तर घरीच केबल करता येते. दोन तारा आणि वर जाळी अशी मायक्रोफोनची केबल घ्या. आरसीएची मधली पिन एक्सएलआरच्या पिन २ला, आरसीएचं बाहेरचं कडं दुसऱ्या तारेनं पिन ३ला, आणि जाळी पिन १ला. आरसीएच्या टोकाला जाळीही बाहेरच्या कड्यालाच जोडा. आता गळती जाळीतून जाते, पण ॲम्प मोजतो तो २ आणि ३ मधला फरक. जाळीवरचं व्होल्टेज दोन्ही तारांवर सारखंच येतं म्हणून वजा होतं. बाजारातल्या तयार आरसीए-एक्सएलआर केबलमध्ये पिन १ आणि ३ पुष्कळदा आतच जोडलेल्या असतात, तिथे हा फायदा शून्य. एक्सएलआरच्या टोकाला १ आणि ३ एकमेकींना जोडलेल्या असतील तर ती केबल नको. मीटर इथे कामाचा नाही, कारण वरच्या जोडणीतही तो त्या दोघींत संबंध दाखवेल, पण तो संबंध दूरच्या, आरसीएच्या टोकाला असतो. म्हणून एक्सएलआरचं झाकण उघडून डोळ्यांनीच बघा.

टर्नटेबल असेल तर

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला छोटा डबा, ५ मिलिव्होल्टच्या आसपास देतं, लाइन सिग्नलच्या साठावा भाग. त्यात फोनो प्रीॲम्प रेकॉर्डच्या आरआयएए वक्राप्रमाणे (कुठला स्वर किती वाढवायचा याचं ठरलेलं प्रमाण) ५० हर्ट्झला १००० हर्ट्झपेक्षा १७ डेसिबल जास्त वाढवतो. म्हणजे गुणगुणीला खास आमंत्रणच.

टर्नटेबलच्या मागून येणारी सुटी तार, टोकाला काट्यासारखा टॅग असलेली, फोनो प्रीॲम्पच्या ‘ग्राउंड’ स्क्रूखाली घट्ट बसलीच पाहिजे. ती निघाली की मोठा हुंकार येतो. ती नीट असूनही एकाच बाजूच्या स्पीकरमध्ये गुणगुण असेल तर हेडशेलच्या, म्हणजे कार्ट्रिज बसतं त्या टोकाच्या, चार बारीक तारा बघा: पांढरी आणि निळी डावीकडच्या, लाल आणि हिरवी उजवीकडच्या. त्यांचे टॅग गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, टाचणीच्या टोकानं हलकेच दाबून परत बसवा. चिमटा धरायचा तो टॅगला, तारेला नाही.

टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, ॲम्पच्या दिशेनं नेताना आवाज वाढत असेल तर ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र कार्ट्रिज पकडतंय. हे क्षेत्र अंतरानुसार झपाट्यानं मंदावतं. अंतर दुप्पट केलं की ते साधारण आठव्या भागावर येतं. टर्नटेबल ॲम्पवर न ठेवता अर्धा मीटर बाजूला सरकवलं तर बहुधा काम होतं.

ॲम्पच आतून बोलत असेल तर

सगळ्या केबल काढल्या, व्हॉल्यूम शून्यावर आहे, तरी स्पीकरमधून १०० हर्ट्झची घरघर येतेय आणि ॲम्प वीस-पंचवीस वर्षांचा आहे, तर सप्लायचे मोठे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकले आहेत असं समजा. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच किंवा थोडे जास्त, व्होल्टेज तेवढंच किंवा वरचं, आणि ८५ऐवजी १०५ अंश सेल्सिअसचे घ्या. प्लग काढल्यावरही त्यांच्यात चार्ज राहतो. टोकांवर काही मिनिटं १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर धरून, मग मीटरनं शून्य बघूनच आत हात घाला. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करायची सवय असलेले मेकॅनिक भेटतात. त्यांचं ऐकू नका, ठिणगीनं कपॅसिटरही जातो आणि ट्रॅकही.

आणि स्पीकर शांत आहेत, पण ॲम्पचा डबाच कान लावल्यावर गुणगुणतोय, तर ते सिग्नलचं काम नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या किंवा त्याचा बोल्ट सैल झाला आहे. बोल्ट आवळून बघा. टोरॉइड, म्हणजे गोल कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर, असेल तर हलकाच आवळा. आणि तो बोल्ट वरच्या झाकणालाही टेकला तर ट्रान्सफॉर्मरभोवती धातूचं पूर्ण कडं तयार होतं. तेवढ्यानं फ्यूज जातो.